शिकवण्यांचा सुकाळ, शिक्षणाचा दुष्काळ

गेल्या उन्हाळ्यात आम्ही धुळ्यास एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. सायंकाळची वेळ होती. घरातला मुलगा नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. तो ओसरीवर बसून आपल्या पाचवीतील बहिणीस अपूर्णांकांची बेरीज समजावून देत होता. भाकरीचा तिसरा भाग आणि चौथा भाग एकदम मिळवता का येत नाहीत, हे त्या मुलीस काही केल्या उमगेना. तेव्हा तो स्वयंपाकघरातून खरोखरीची भाकरी घेऊन आला आणि तिचे तुकडे करू लागला. तुकडे करता करता मध्येच थांबला, स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "अगं, छेद सारखे करायचे ते ह्यासाठी होय!" पाच वर्षे तो छेद सारखे करीत आला होता, ते का करावयाचे हे त्यास त्या दिवशी कळले. इतक्यात त्याचे वडील बाहेरून आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले व म्हणाले, "तुझे अकरावीचे वर्ग सुरू झालेत ना? तिचं तिच्या बाई बघतील. तू तुझा वेळ घालवू नकोस." मुलगा निमूटपणे उठला. भाकरीचे तुकडे ताटलीत तसेच राहिले.

त्या वडिलांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ते कष्टाळू व सज्जन गृहस्थ आहेत. मुलाच्या दोन वर्षांच्या शिकवणीसाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले आहे, आणि ज्याने पैसा मोजला त्यास वेळेचा हिशेब ठेवावाच लागतो. परंतु त्या संध्याकाळी त्या घरात जे एकमेव खरे शिक्षण चालले होते, ते वेळेचा अपव्यय ठरून बंद पडले. आणि ते बंद पाडणारा मनुष्य मुलाच्या शिक्षणासाठीच कर्जबाजारी झालेला होता. ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. प्रस्तुत लेख तिच्यातूनच निघाला आहे.

जळगावात काय किंवा धुळ्यात काय, कोणत्याही हमरस्त्याने आज फेरफटका मारावा. दोन्ही बाजूंस मुलामुलींचे हसरे चेहरे आणि त्यांखाली गुणांचे आकडे मिरविणारे फलक दिसतील. पूर्वी शिकवणी ही कच्च्या मुलाच्या हातातली काठी होती. शाळेत जे राहून गेले ते भरून काढण्यापुरते तिचे काम असे. आज शाळाच शिकवणीची सावली होऊन बसली आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी कित्येक मुले कनिष्ठ महाविद्यालयात केवळ नाव ठेवतात आणि दिवस शिकवणीच्या वर्गात काढतात. १६ वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढली. त्यानंतरही आठवीपासून पाया पक्का करून देण्याची आमिषे आम्ही भिंतींवर वाचली आहेत. आमच्या खानदेशात केळीचा घड हिरवा असतानाच कापतात व परगावी नेऊन बंद खोलीत पिकवितात. केळीच्या व्यापारास ती रीत सोयीची आहे. मुलांनाही तीच लावावयाची, असे आमच्या समाजाने मनावर घेतलेले दिसते.

वर्गात काय चालते तेही पाहावे. चार पर्यायांतून एक पर्याय कमीत कमी वेळात कसा निवडावा, ही तेथील विद्या. आमच्या परिचयातील एका मुलीने आपल्या वर्गात "असे का होते?" म्हणून विचारले, तेव्हा तिला उत्तर मिळाले, "हे परीक्षेत विचारत नाहीत." मुलगी शहाणी होती, तिने पुन्हा काही विचारले नाही. तिला पुढे गुणही चांगले मिळाले. प्रश्न विचारणे थांबविल्यावर गुण वाढतात, हा अनुभव ज्या वयात मनुष्य आयुष्यभराच्या सवयी उचलतो त्याच वयात तिच्या पदरी बांधला गेला. तिच्या यशाचे पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. पण त्या थांबलेल्या प्रश्नाचे सुतक कोणी पाळले नाही.

ह्या धंद्यास आता एक जोडधंदाही मिळाला आहे. वर्षभर मुलांना असे कोरडे करून ठेवल्यावर त्यांना अधूनमधून भिजविणेही अगत्याचे होते. त्यासाठी प्रेरणादायी व्याख्याने आणि नेतृत्वविकासाची शिबिरे भरतात. मोठा मंडप, ध्वनिक्षेपक, पार्श्वसंगीत. व्याख्याते मुलांना डोळे मिटावयास सांगतात, बापाच्या भेगाळलेल्या टाचा आणि आईचे फाटके लुगडे यांचे वर्णन करतात, आणि तासाभरात सारा मंडप हुंदके देऊ लागतो. अश्रू खरे असतात, ह्यात आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु त्या अश्रूंना करावयास काही काम दिलेले नसते. घरी जाऊन आईच्या हातची घागर घ्यावी, बापाबरोबर एक दिवस कापूस वेचावा, असे कोणी सांगत नाही. सांगितले तरी तेवढा वेळ मुलाजवळ उरलेला नसतो. अश्रूंचा अर्थ एकच लावून दिला जातो: आईबापांचे पांग फेडावयाचे तर गुण वाढव. म्हणजे भावनेचाही उपयोग अखेर त्याच घाण्यास जुंपण्याकडे! दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा पुन्हा वर्गात, आणि शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर.

आमचा आक्षेप नेमका कशास आहे तो येथे स्पष्ट करतो. शिकणे, शिकविणे, पुढारपण करणे आणि मनापासून काही अनुभवणे ह्या चार वेगळ्या खोल्या आहेत, त्यांची वेगळी दुकाने मांडता येतात व प्रत्येकाची वेगळी फी घेता येते, ही समजूतच आम्हांस मुळात खोटी वाटते. ती एकाच घरातील माणसे आहेत. त्यांची ताटातूट केली की चौघेही रोडावतात. विनोबांनी भाषेचा एक मार्मिक दाखला दिलेला आहे. इंग्रजीत शिकणे आणि शिकविणे ह्यांस दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. आपल्या भाषांत मूळ धातू एकच, तो शिकण्याचा. 'शिकविणे' हे त्याचे प्रयोजक रूप. म्हणजे दुसऱ्याला शिकावयास लावणे. जो स्वतः शिकत नाही तो दुसऱ्यास शिकावयास लावील कसा? आमच्या व्याकरणानेच हे सांगून ठेवले आहे, आणि आम्ही मात्र शिकवणी ही पुडीत बांधून देता येणारी वस्तू समजून बसलो आहो.

ह्या विनोबांचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. आमच्या ह्याच जिल्ह्यांत शंभर वर्षांच्या आत असे काही घडून गेले आहे की, शिक्षणाचा विचार करणाऱ्याने परगावचे दाखले शोधीत हिंडण्याचे कारण नाही. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील राजबंदी धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने विनोबांनी तेथे केली. श्रोते होते कैदी. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, फी तर नव्हतीच; उलट तेथे येण्यासाठी प्रत्येकाने आपले घरदार आणि मोकळीक मोजलेली होती. ही प्रवचने आज पुस्तकरूपाने देशातील कितीतरी भाषांत वाचली जातात, ती कोणामुळे? श्रोत्यांत बसून ती भराभर उतरून घेणाऱ्या एका शिक्षकामुळे. ते शिक्षक साने गुरुजी. विनोबांनी त्या आधीच, १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत बसून, गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद 'गीताई' पुरा केला होता. तरी कैद्यांसमोर बोलताना तीच गीता त्यांना नव्याने उलगडावी लागली. आणि सहा वर्षे मुलांना शिकवून आलेला शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन जमिनीवर बसला. बोलणारा शिकत होता आणि लिहिणाराही शिकत होता. धुळ्यातील कोणत्या वर्गाच्या फलकावर ह्या वर्गाचे नाव आहे?

हे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तीच आजची प्रताप हायस्कूल. वसतिगृहाची जबाबदारी अंगावर आली तेव्हा त्यांनी काय केले, हे अमळनेरच्या जुन्या घरांतून अद्यापि सांगतात. मुलांचे कंदील पुसून ठेवावे, अंथरुणे नीट करावी, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी. मुलांना आधी संकोच वाटला, मग लाज वाटली, आणि मग त्यांनी आपली कामे आपण करावयास घेतली. उपदेशाचे एक अक्षर खर्ची न घालता स्वच्छतेचा धडा झाला. ह्याच मुलांसाठी गुरुजी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. दररोज ते लिहावयाचे तर रोज काही वाचावे लागे, निवडावे लागे, आठ-पंधरा वर्षांच्या मुलांस समजेल अशा बेताने सांगावे लागे. पुढे महाराष्ट्राने ज्यांची पुस्तके डोक्यावर घेतली, त्या लेखकाची शाळा ही होती. मुलांना शिकविता शिकविता तो लिहावयास शिकला. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगात पडले, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली.

ह्या पुस्तकाविषयी एक गैरसमज दृढ झाला आहे. ते रडविणारे पुस्तक, म्हणजे आजच्या त्या मंडपातील व्याख्यानांचे मूळपीठच, असे काही जण म्हणतात. आमच्या मते हा त्या पुस्तकावर अन्याय आहे. त्यातील भित्रा श्याम पोहावयास जाण्याचे टाळून लपून बसतो. आई त्याला कुरवाळीत नाही. मार देऊन बाहेर काढते आणि विहिरीवर धाडते. पोहून परत आल्यावर तीच त्यास जवळ घेते. छडीचे समर्थन आम्ही करीत नाही. काळ पालटला आहे. पण येथे भीती, मार, पाणी, तरून जाणे आणि माया ह्या साऱ्यांचा मिळून एक अनुभव झाला, आणि त्याच्या अखेरीस मुलाला काहीतरी येऊ लागले होते. त्या पुस्तकातील प्रत्येक अश्रूच्या मागेपुढे असे एक काम आहे. मंडपातील अश्रूला मागे काम नाही आणि पुढेही नाही. दोहोंतील भेद ज्यास दिसत नाही, त्याने ते पुस्तक एकदा पुन्हा वाचावे.

भावनाप्रधान मनुष्य दुबळा असतो, हा आक्षेपही येथेच निकालात काढू. गुरुजींना त्यांच्या हयातीत रडवे म्हणणारे थोडे नव्हते. ह्या रडव्या मनुष्याने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला, आणि १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले तेव्हा मंदिराचे दार उघडण्याचा निर्णय झालेला होता. कोरड्या बुद्धिमंतांपैकी कितीजण तेव्हा पंढरपुरास उपाशी बसले होते?

पुढारपणाचेही तेच. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनी गावच्याच साहित्यातून नगराची सजावट केली होती. पण एवढ्या माणसांचे पाणी, अन्न, निवारा आणि मैला ह्यांची व्यवस्था खानदेशातील कार्यकर्त्यांना व स्वयंसेवकांना पाहावी लागली. त्यासाठी माणसे जमविण्यास गुरुजी गावोगाव फिरले. त्या स्वयंसेवकांना नेतृत्वविकासाचे शिबिर कोणी दिले नव्हते. पाणी कमी पडले तर लोक तहानलेले राहतील, एवढेच त्यांना ठाऊक होते. आपल्या चुकीने दुसऱ्याचे काही बिघडू शकते, हे जोवर अंगावर येत नाही तोवर पुढारपण शिकता येत नाही. तीन दिवसांच्या शिबिरात कोणाचेच काही बिघडत नसते, म्हणून तेथे कोणी काही शिकतही नाही.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय खानदेशातील ह्या विषयावर लिहिता येत नाही. १८८० साली आसोद्यास जन्मलेल्या, जळगावच्या चौधरी घराण्यात नांदलेल्या बहिणाबाई ह्यांस अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना त्यांनी गाणी रचली. पुत्र सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी ती उतरून ठेवली. बाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, ती छापून आली. आम्ही निरक्षरतेचा गौरव करीत नाही. अक्षरे मिळाली असती तर ती बाई कोठवर गेली असती, ह्या विचाराने आम्हांस हळहळच वाटते. परंतु कष्ट, वैधव्याचे दुःख आणि शब्द ही तिच्या ठायी एकाच जात्यात पडत होती, आणि म्हणून तिच्या पिठास ती चव आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास तिचे नाव देण्यात आले. उत्तम झाले. पण ज्या विद्यापीठास तिचे नाव, त्याच्या परिसरातील मुलांना शेतात पाऊल टाकण्यास आणि मनातले चार शब्द जुळविण्यास फुरसत नसावी, ह्याला विटंबना नव्हे तर काय म्हणावे?

आता प्रतिपक्षाचे ऐकू. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा की, "तुमचे हे सारे पोटभर जेवलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलास डॉक्टर होण्याची एकच शिडी आहे. ती ओढून घेऊ नका." हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. चांगल्या शिकवणीवाल्याने एखाद्या गरीब मुलास खरोखर हात देऊन वर काढल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्या शिक्षकांस आमचा नमस्कार आहे. परंतु हिशेब पाहा. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि वैद्यकीय पदवीच्या जागा साऱ्या देशात १ लाखाच्या थोड्या वर होत्या. कीर्तनात पुढच्या रांगेने उभे राहावयाचे ठरविले की मागच्या सर्वांस उभे राहावे लागते. कोणासच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. सर्वांनी शिकवणी लावल्याने जागा वाढल्या नाहीत. शिकवणीवाचून मिळणे तेवढे बंद झाले. शिडी गरिबाची होती म्हणता, तर तिच्या पहिल्याच पायरीवर पैसे घेणारा कोण बसला आहे? आणि ज्या २२ लाखांस जागा मिळावयाचीच नव्हती, त्यांनी दोन वर्षांत काय शिकले, ह्याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा? आपण हरलो, एवढेच ती मुले शिकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३ हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या असून त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. प्रत्येकीचे कारण वेगळे असेल, आणि ते सारे पाप शिकवणीच्या माथी मारणे खोटेपणाचे होईल. तथापि मुलाला गुणांखेरीज दुसरी किंमतच उरू न देणाऱ्या घरांनी आणि शाळांनी ह्या आकड्यापुढे क्षणभर थांबावे, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्हांस खचित आहे.

दुसरा मुद्दा असा की, "प्रत्येक शिक्षक साने गुरुजी कोठून व्हावा?" न होवो. हा प्रश्न बहुधा सुटका करून घेण्यासाठीच विचारला जातो. थोर माणसास देव्हाऱ्यात बसविले, जयंतीला हार घातला, की त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी टळते. आम्ही संत मागत नाही, व्यवस्था मागतो. आठवड्यातून दोन तास वरच्या इयत्तेतील मुलांनी खालच्या इयत्तेस शिकवावे, आणि ते तास त्यांच्या अभ्यासाचेच धरावे. जुन्या पंतोजींच्या शाळेत हे आपोआप होत असे. दुसऱ्यास सांगू लागताच आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. स्वतःशी घोकताना ते झाकलेले राहते. आपणांस ठाऊक आहे ते दुसऱ्यास देत जावे, हा समर्थांचा उपदेश घरोघर पाठ आहे. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा ठेवा जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. उपदेश कपाटात नीट जपून ठेवला आहे, एवढेच!

शाळेने मुलांवर खरी कामे सोपवावी: ग्रंथालय, वसतिगृहाच्या भोजनाचा हिशेब, एखादे हस्तलिखित मासिक, जेथे चूक झाली तर कोणाचे तरी काही अडेल अशी. आणि शिक्षकाने स्वतः काही शिकत असावे. त्यासाठी साधने दूर नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी १९२७ पासून धुळ्यात संशोधन मंडळ आहे. अमळनेरास १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आहे. आमच्या किती शिक्षकांनी आणि किती पालकांनी मुलांचे बोट धरून ह्या वास्तूंचे उंबरठे ओलांडले आहेत? राजवाड्यांनी दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट केली. आम्हांस मुलाला घेऊन शहरातल्या शहरात जाणे होत नाही, कारण त्या वेळी त्याचा वर्ग असतो.

पालकांस मात्र आमचे मागणे एकच आहे आणि त्यास पैसा लागत नाही. घरातले मोठे मूल धाकट्याला काही समजावून देत असेल, तर त्याला उठवू नका. त्याचा वेळ जात आहे असे समजू नका. शक्य असेल तर स्वतः शेजारी जाऊन बसा, आणि तुम्हांस जे कळत नाही ते त्यास विचारा. आमच्या त्या स्नेह्यांस आम्ही हे त्याच रात्री जेवताना बोलून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले. काही बोलले नाहीत. पानात भाकरी होती. त्यांनी तिचे तीन भाग केले, मग थोडे थांबून मुलीकडे पाहिले आणि विचारले, "आता ह्यात चौथा भाग मिळवायचा, तर काय करायचं म्हणालीस?" मुलीने भावाकडे पाहिले. आम्ही त्या घरचे पाहुणे म्हणून पुष्कळदा जेवलो आहो. पण ते जेवण आम्हांस सर्वांत रुचकर लागले.